माळावरची सतरा कुत्री

"लांडगा. नोंद नाही," कंपनीच्या पाहणी अधिकाऱ्यांनी मोठ्यानं वाचलं आणि वही सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

देवळापुढच्या सुनावणीच्या मंडपात वैशाखाचं ऊन कापडातून झिरपून खाली उतरत होतं. दिपाली उभीच होती. वही तिची होती, अक्षरही तिचंच; माळ वाचावा म्हणून तिनंच ती सुनावणीत दिली होती. फाल्गुनापासून रोज पहाटे तिनं मंद्रूपच्या पलीकडचा हा माळ पायाखाली घातला होता आणि जे दिसलं ते टिपून ठेवलं होतं. पेटत्या पळसाखाली उतरलेला पखुर्डी पाखरांचा थवा. खड्यांमध्ये खडे होऊन पडलेली टिटवीची अंडी. आभाळाला टांगल्यासारखा एकाच जागी गात राहणारा चंडोल. गावाला तो नुसता पडीक माळ होता. तिला त्याचा श्वास ऐकू येत असे, आणि तो कुणीतरी कागदावर मांडून ठेवावा असं तिला वाटत असे. आता कंपनीला हा माळ कुंपणात घ्यायचा होता. अहवालात त्यासाठी एकच शब्द लिहून ठेवला होता : निर्जीव.

"पाखरं उडून दुसरीकडं जातील," अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाले. "लांडग्याचं घर असतं, तर आम्ही इथं एक खांबसुद्धा रोवला नसता. पण नाही, असं ताईंची वहीच सांगते. उलट कुत्री भरपूर." त्यांनी पानं उलटली. "सतरा ठिकाणी पावलं. चार कोकरं गेली, तीही कुत्र्यांनीच नेली. आणि गंमत बघा, तीन महिन्यांच्या ध्वनिमुद्रणात एक भुंकणं नाही. या माळावर कुत्रीसुद्धा जिवंत असल्यासारखी वागत नाहीत."

मंडपात हसू पसरलं.

त्यांनी वही दिपालीपुढं ठेवली. वर एक छापील कागद ठेवला. नोंदी खऱ्या आहेत, माळ निर्जीव आहे, खाली सही.

गुफरान तिच्या कानाशी वाकला. सोलापुरातून रोज मोटारसायकल हाणत येऊन यानंच माळाचे आवाज टिपले होते, प्रत्येक पावलाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढले होते. "एक लांडगा लिहून टाक की," तो पुटपुटला. "कोण बघायला येतंय?"

"मी आहे ना बघायला," दिपाली म्हणाली.

तिनं 'निर्जीव' या शब्दावर पेनानं आडवी रेघ ओढली. रेघ इतकी जोरात ओढली की कागद फाटला. "वही खरी आहे. तिच्या पानापानावर सही करते. या शब्दाखाली माझं नाव येणार नाही."

"वही खरी, तर शब्दही खरा," अधिकारी म्हणाले. "तुम्ही सही करा, न करा. वही आम्ही जोडणारच."

ज्या वहीनं माळ वाचवायचा, तीच आता त्याच्या गळ्याशी आली होती. आणि तिच्यात खोटी ओळ घालायला दिपालीचा हात वळत नव्हता.

मागच्या रांगेतून चिमाबाई उठली. लग्न होऊन आल्यापासून हिची मेंढरं या माळावर चरत होती. सगळा वसंत ती काठी टेकत दिपालीच्या पुढं चालली होती. कुठल्या गवतात घरटं, कुठल्या कपारीत घोरपड, सगळं तिनंच दाखवलं होतं. पाऊल कुणाचं, असं विचारलं की ती खाली वाकून बघायची आणि म्हणायची, "कुत्र्याचं." कोकरू कुणी नेलं, तर, "कुत्र्यानं." जन्म माळावर गेलेल्या बाईवर अविश्वास कशाला दाखवायचा? दिपाली तसंच लिहीत गेली. फक्त बाभळीच्या ओघळीकडं वळलं की चिमाबाई तिचा दंड धरायची. "तिकडं नगं पोरी. काटं लई हायती."

"सायब," चिमाबाई म्हणाली, "त्यो हाय."

"कोण?"

"ज्येचं घर शोधताय, त्यो."

पुन्हा हसू फुटलं. अधिकारीही हसले. "मग बीळ दाखवा, आजी. आत्ता गाडी काढतो."

"न्हाय दावणार." तिचा आवाज चढला नाही. "माज्या सासऱ्यानं एकदा दावलं हुतं. मानसं धूर घिऊन गेली. पिल्लं पोत्यात घालून आनली. तवापास्नं आमच्यातलं कुनी माळावर त्येचं नाव घेत न्हाय. कोकरू गेलं तरी न्हाय. नाव काडलं की धूर आलाच."

"मग आज कशाला बोलताय?"

"धुरातनं योक तरी पिल्लू निसटतंय, सायब. कुंपनातनं कुटं जाईल त्ये?"

कुणी हसलं नाही. दिपालीला ओघळीतले काटे आठवले. दंडावरची ती पकड आठवली. गुफराननं हातातल्या कॅमेऱ्यात पावलांचे फोटो पुन्हा उघडले.

अधिकाऱ्यांनी कागद सारखे केले. "नाव घ्यायचं नाही. बीळ दाखवायचं नाही. वहीत नोंद नाही. मग आहे कुठं तो, तेवढं तरी सांगा."

चिमाबाई पुढं आली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं फाटका कागद बाजूला सारला आणि वहीवर आपला रापलेला पंजा पसरून ठेवला.

"वहीत हाय की," ती म्हणाली. "जितं जितं कुत्रं लिवलंय, तितं तितं लांडगा वाचा."