दह्यातला मासा

"जाता जाता येवढा मासा भुंजी जाय," ताईबाई सुनेला म्हणाली. "तुना हातले चव शे."

त्याच हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, पांढरं कोड उठलं होतं. त्या कोडापायी सुंदरबाईला आज कायमचं माहेरी धाडत होते. कोड माणसाला लागतं, भाकरीला लागत नाही, असा त्या घरचा न्याय होता. आठ महिने सगळ्यांनी तिच्या हातचं पोटभर खाल्लं आणि अंथरूण तेवढं तिचं गोठ्यात टाकलं.

तिचा भाऊ अभिमन बैलगाडी घेऊन दारात उभा होता. गाडीत एकच गाठोडं होतं. पाच वर्षांची चिंधी, अंगात रेशनवर मिळणाऱ्या कंट्रोलच्या कापडाचा झगा, आजीच्या मांडीवर बसून गाडीकडे बघत होती. ती जाणार नव्हती.

"पोरगी आम्हनी शे," ताईबाईने सकाळीच सांगून टाकलं होतं. "तिनावर तुनी सावली नको."

सुंदरबाई नवऱ्याच्या पाया पडली होती. "माय म्हने तसं," एवढंच लोटन म्हणाला आणि तापीवर मासे धरायला निघून गेला. चिंधी आजीच्या कुशीत झोपायची, आजीच्या ताटात जेवायची. म्हातारीचा नातीवर खरोखर जीव होता. भांडावं तर कशावरून, तेच सुंदरबाईला कळत नव्हतं.

अंगणात तीन दगडांच्या चुलीत पऱ्हाट्या पेटल्या. लोटनने आणलेली मरळ तिने साफ केली. वरून काळी, आतून दुधासारखी पांढरी. सुंदरबाई माळकऱ्याची लेक. मासा चिरायला ती या घरात येऊन शिकली, पण जिभेवर कधी ठेवला नाही. तरी ताईबाईने सगळ्या गल्लीत सांगितलं होतं, "चोरीसन मासा खादा, वरतून दूध पिधं. त्याबिगर कोड उठस का?" माशावर दूध-दही खाल्लं की कोड उठतं, हे त्या गावात शेंबडं पोरही सांगायचं. सुंदरबाईही लहानपणापासून तेच ऐकत आली होती.

तिने मीठ, हळद, लसूण आणि लाल मिरची पाट्यावर वाटली, चिंचेचा कोळ घातला आणि तुकड्यांना चोळला. पोटाकडचा एक तुकडा मात्र तिने बाजूला ठेवला. त्याला नुसती मीठ-हळद लावली. मग घरात जाऊन शिंक्यावरचं दह्याचं मडकं उतरवलं.

मी तर कधी खाल्ला नाही, ती मनाशी म्हणाली. तरी उठलंच. म्हणजे खाल्ल्याने उठत नाही. गोष्ट सरळ होती. तरी दह्यात बोटं बुडवण्याआधी तिने ती दोनदा मागे घेतली, मग दही त्या तुकड्याला चोळलं.

निखारे पडले तसे तिने दोन सळया आडव्या टाकून त्यांवर तुकडे मांडले. चिंचेचे लाल झाले. दह्याच्या तुकड्यावर पांढरी साय धरली आणि कडा तेवढ्या करपल्या. तो तिने आधी काढला, पळसाच्या पानावर घेतला आणि एकेक काटा वेचून टाकला.

"चिंधे, ये."

पोर आजीच्या मांडीवरून उडी टाकून धावली. सुंदरबाईने घास फुंकून तिच्या तोंडात घातला. दुसरा घातला. तिसराही घातला. चिंधी मिटक्या मारत होती.

"हाऊ तुकडा पांढरा कसा दिखस?" ताईबाईने विचारलं. "काय लायं त्याले?"

"दही."

मासा आणून ओट्यावर टेकलेला लोटन उठून उभा राहिला. ताईबाई धावत आली. नातीला ओढून घ्यायला तिने दोन्ही हात पुढे केले आणि ते मध्येच थांबले. मग ते पदराआड गेले.

"आजीमाय, उचली ले ना," चिंधीने तोंडातला घास चघळत हात वर केले.

म्हातारी दोन पावलं मागे सरली. तिचे डोळे भरून आले होते. ते रडू खोटं नव्हतं, आणि वाईट काय असेल तर तेच.

"वैरीन," ती सुनेला म्हणाली. "पोटनी पोर बिघाडी टाकी तू." मग नातीकडे न बघता लेकाला म्हणाली, "तिले बी बसाडी दे गाडीमा."

लोटनने पोरीला हात लावला नाही. अभिमनने तिला उचलून गाडीत ठेवली. सळयांवरचे बाकीचे तुकडे करपून काळे झाले, पण ते काढायला कुणी पुढे आलं नाही.

गाडी आग्रा रोडला लागली.

"बहीन," अभिमनने बैलांकडे बघतच विचारलं, "खरंच दही व्हतं?"

"व्हतं."

"मंग आते?"

"मी कधी खादा व्हता का भाऊ? तरी उठनंच ना."

अभिमनने मान हलवली. त्याला पटलं की नाही, ते त्याच्या पाठीवरून कळत नव्हतं. सुंदरबाईने मांडीवर झोपलेल्या पोरीला छातीशी धरलं. पोर मिळाली होती. आता कुणी हिसकावणार नव्हतं. त्या घरातलं तर कुणीच नाही.

उन्हात चिंधीच्या हनुवटीवर एक पांढरा ठिपका दिसला. सुंदरबाईने पदराचं टोक थुंकीने ओलं करून पुसलं. ठिपका निघाला. राख होती.

सोनगीरचा किल्ला मागे पडला, तरी ती पुसतच होती.