खलनायकाचे आईवडील

प्रेक्षकांना वाकून नमस्कार करायला संग्राम पडद्यापुढे आला आणि सगळं थिएटर एका आवाजात ओरडलं, “बूऽऽ!”

हेमलताबाईंनी घाईघाईनं रिमोट उचलून टीव्हीवरचं चित्र थांबवलं. काळ्या झग्यातला त्यांचा मुलगा अर्धवट वाकलेला तसाच राहिला.

गुरुग्रामच्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिघंच होते. हेमलताबाई, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले श्रीरंगराव, आणि मुद्दाम बोलावलेल्या शेजारच्या सबरवाल आंटी. इंग्लंडमध्ये झालेल्या एका इटालियन ऑपेराचं रेकॉर्डिंग संग्रामनं सकाळीच पाठवलं होतं. त्याचा आवाज बॅरिटोन, म्हणजे खालच्या पट्टीतला, भरदार. असल्या आवाजाच्या वाट्याला दुष्ट माणसंच फार येतात. या ऑपेरात त्यानं पुतण्याची जहागीर लाटली होती, पुतण्याच्या वाग्दत्त वधूला तळघरात कोंडलं होतं आणि शेवटच्या अंकात तो विहिरीत पडून मेला होता.

“कोई बात नहीं जी,” सबरवाल आंटी हळूच म्हणाल्या, “अगली बार अच्छा गाएगा.”

हेमलताबाईंचे डोळे भरून आले.

श्रीरंगराव खुर्चीतून हलले नव्हते. एरवी मुलाचं रेकॉर्डिंग लागलं की दहाव्या मिनिटाला त्यांना कुंड्यांना पाणी घालायचं आठवायचं. आज अडीच तास ते जागचे उठले नव्हते.

“फोन लाव त्याला,” ते म्हणाले.

व्हिडिओ कॉलवर संग्राम टोस्ट खात होता. “बघितलंत? अख्खं?”

“अरे, ते लोक तुला...” हेमलताबाईंना पुढे बोलवेना. “बेसूर झालास का रे कुठे? मला तर काही कळलं नाही.”

संग्राम एवढा हसला की त्याला ठसका लागला. “आई, इथे विलन जमला की लोक मजेत ओरडतात. गाणं बिघडलं तर मुकाट्यानं चार टाळ्या वाजवतात. तू पुढचं बघितलं नाहीस का?”

त्यांनी बटण दाबलं. टीव्हीतल्या संग्रामनं लोकांवर मूठ उगारली, आणि ओरडणारं ते सगळं थिएटर हसत, टाळ्या वाजवत उभं राहिलं.

“अच्छा! मतलब पास हो गया!” सबरवाल आंटींनी हेमलताबाईंच्या पाठीत जोरात थाप मारली.

“आणि बाबा?” संग्रामनं विचारलं. “ते मधेच उठून गेले असतील ना?”

श्रीरंगरावांनी फोन हातात घेतला. घसा साफ केला.

“त्या पोरीला तू कोंडलंस ना, तेव्हा मला तुझा भयंकर राग आला.”

“खरंच?”

“कानाखाली वाजवावीशी वाटली. तो तू आहेस हेच विसरलो होतो मी.”

 संग्रामनं टोस्ट खाली ठेवला.

श्रीरंगराव उठले. दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेत कबड्डीच्या सामन्याला ओरडायचे तसा त्यांनी तोंडाशी हात धरला.

“हुर्योऽऽ!”

सबरवाल आंटींना शब्द कळला नाही, पण त्याही ओरडल्या. समोरच्या टॉवरमध्ये कुणीतरी बाल्कनीत आलं. हेमलताबाई तोंडाला पदर लावून नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

“अगं, गप्प काय बसलीस?” श्रीरंगराव म्हणाले. “ओरड की!”