तपासणीची वायर

खिडकीतून वायर आत आली तेव्हा शिंपी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत होता.

पाठोपाठ दारातून इंटरनेट कंपनीचा इंजिनिअर आला आणि त्याच्यामागून टॅब घेतलेल्या सरकारी अधिकारीबाई. इंजिनिअरने शिलाई मशीनवरचं कापड बाजूला सारलं, तिथे एक पांढरी डबी ठेवली आणि वायरचं टोक तिच्यात खोचलं. डबीवरचे दिवे लुकलुकले, मग स्थिर झाले.

"ही कुठून आणली?" शिंप्याने विचारलं.

"मोठ्या रस्त्यावरच्या आमच्या पेटीतून. शेजाऱ्यांच्या भिंतींवरून ओढत आणलीय, काका. घाम निघाला."

अधिकारीबाईंनी टॅबवर नकाशा उघडला. कोणत्या घरात कसं इंटरनेट पोचतं ते सरकारने कंपन्यांच्या सांगण्यावरून या नकाशात मांडलं होतं. कोणालाही तो बघता यायचा. शिंप्याच्या घरावर हिरवा ठिपका होता. हिरवा म्हणजे उत्तम. लाल ठिपक्याच्या घरांना यंदा सरकार स्वतःच्या खर्चाने लाइन टाकून देणार होतं. हिरव्यांना त्याची गरजच काय? शिंप्याच्या घरात आजवर वायरचा तुकडाही आला नव्हता. म्हणून त्याने हरकत घेतली होती, आणि आजची तपासणी त्या हरकतीची होती.

"वेग बघा मॅडम," इंजिनिअर म्हणाला. "काटा पार टोकाला."

बाईंनी आकडा टिपून घेतला.

"अहो बाई, ही तर त्यांनी तुमच्यासमोर आत्ता आणलीय," शिंपी म्हणाला.

"नियम एवढंच विचारतो, जोडणी देता येते का. आहे का, असं विचारत नाही. देता येते हे आपण सगळ्यांनी पाहिलं."

इंजिनिअर खुशीत आला होता. "व्हिडिओ कॉल लावून बघा की. काकू! ओ काकू! लावा कोणाला तरी!"

"ओरडू नका," शिंपी म्हणाला. "तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मला येतं."

शिंप्याची बायको केव्हाची त्या दिव्यांकडे बघत उभी होती. तिने पदराला हात पुसले आणि फोन उचलला. मुलगी लांबच्या गावी दिलेली, सातवा महिना लागलेला. तिलाही ऐकू येत नव्हतं. आई शाळेत गेली नव्हती, त्यामुळे लेकीशी बोलायच्या खुणा तिने घरातच घडवल्या होत्या. चुलीपाशी, न्हाणीत, वेणी घालताना. शिंप्याला त्यातल्या निम्म्या कळायच्या. फोनचं नेहमीचं नेट असलं की पडद्यावर लेकीच्या बोटांचा नुसता लगदा व्हायचा. मग लेक बापाला मेसेज लिहायची, सगळं ठीक आहे, आणि तो ते बायकोला खुणेने सांगायचा. लेक आईला जे सांगते ते बापाच्या मेसेजमध्ये येत नाही, हे त्याला माहीत होतं.

आज चेहरा स्वच्छ आला. बोटं आली, नखंसुद्धा दिसली. बायको खदखदून हसली. तो मोठा, ओबडधोबड आवाज ऐकून बाई दचकल्या. मग दोघींचे हात सुटले. किती दिवसांचं साठलेलं होतं कोण जाणे.

थोड्या वेळाने लेकीची नजर आईच्या खांद्यावरून बापाकडे गेली. आईच्या ते लक्षात आलं. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि पडदा आपल्या अंगाआड घेतला. शिंप्याने मुकाट्याने मान अस्तरात घातली. मधूनच वर बघायचा तेव्हा बायकोची कोपरं तेवढी दिसायची. आधी ती भराभर हलत होती, मग सावकाश, मग थांबलीच. आता ती नुसती बघत होती.

"चला, झालं," म्हणत इंजिनिअरने डबीला हात घातला.

"थांबा," शिंपी म्हणाला. "बोलतायत त्या दोघी."

"कोण?" इंजिनिअरने त्या शांत खोलीत इकडेतिकडे बघितलं, आणि वायर उपसली.

बायकोने फोन हलवला. खिडकीशी नेला, पदराने पुसला. तोंडावरचा रंग उतरला होता. काय झालं, शिंप्याने हाताने विचारलं. तिने डोळ्यांखाली बोट ओढलं. लेक रडत होती. आणि मग दोन्ही तळवे उघडून दाखवले. पुढे काही नाही.

"वायर राहू द्या," शिंपी म्हणाला.

"ती तपासणीची आहे, काका. कायमची टाकायची तर रस्ता खोदावा लागेल. एवढ्याशा गल्लीसाठी कंपनीला परवडत नाही."

"मग देता येते म्हणून कशाला सांगता?"

"येतेच की. परवडत नाही म्हणालो."

शिंप्याने सुई अस्तरात टोचून ठेवली. "कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, आरशात दाखवायचा, छान बसला म्हणून लिहून घ्यायचं आणि काढून घेऊन पुढच्या घरी जायचं. मी असा धंदा केला असता तर लोकांनी जोड्याने मारलं असतं."

"माझ्या हातात काही नाही हो," बाई टॅबकडे बघत म्हणाल्या. "हरकत फेटाळली असंच लिहावं लागेल मला. वेग तर तुमच्या डोळ्यांसमोर मोजलाय."

बाहेर गल्लीत थांबलेला कंपनीचा माणूस वायर गुंडाळायला लागला. ती खिडकीच्या चौकटीवरून सरसर सरकली आणि एकदम ताठ होऊन अडकली. त्याने बाहेरून हिसका दिला. वायर हलेना.

आतलं टोक बायकोने मनगटाला वेढे देऊन धरलं होतं. एक पाय भिंतीला रोवला होता.

"अहो, तुटेल ती," इंजिनिअर म्हणाला. "मॅडम, सांगा ना यांना."

"काका, सोडायला सांगा त्यांना," बाई शिंप्याला म्हणाल्या.

"तुम्ही सांगा."

बाई बायकोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बायकोने पकड सैल केली नाही, पण मान वर केली आणि बाईंच्या हातांकडे बघू लागली. नीट, एकाग्र, काय म्हणतायत ते सगळं समजून घ्यायच्या तयारीने.

बाईंनी टॅब काखेत धरला. उजवा हात वर केला. तो तसाच हवेत राहिला.