सावलीतली फळं

१९८७ साली आमच्या बागेत तारांवर वाढवलेल्या सफरचंदांच्या दोन जातींची परीक्षा झाली. एक आमच्या दिवंगत बाबांनी तयार केलेली, दुसरी ताईच्या यजमानांच्या, म्हणजे भावजींच्या रोपवाटिकेतली. जिची फळं कमी गोड निघतील तिच्या ओळी उपटायच्या होत्या. तपासणारी मी आणि फळं तोडून आणणारी माझी थोरली बहीण.

बाबांच्या टोपलीतल्या एकाही फळाला लाली चढलेली नव्हती.

“ताई, खालची, सावलीतलीच तोडलीस का गं?”

“डोकं फिरलंय का तुझं? बाबा काय तुझ्या एकटीचे होते?”

मी खजील झाले आणि जे मोजलं तेच लिहून दिलं.

आठवड्याभरात बाबांची झाडं उपटली गेली. भावजींची रोपं गावोगाव पोचली. मी बाग सोडली आणि शाळेत शिकवायला लागले. गेल्या महिन्यात ताई गेली. भेटायला गेले, तर भाचीने परसातल्या एकुलत्या एक झाडाचं सफरचंद चिरून पुढे ठेवलं. पहिल्याच फोडीला मी ते ओळखलं.



“मावशी, आईला आयुष्यभर दुसरं सफरचंद चाललंच नाही बघ.”