डोळे झाकल्यावर

रहिमतपूरच्या शाळेत मयूरी मुलांचे तिरळे डोळे तपासत होती. लहानग्या शिवांजलीला एकाचे दोन दिसायचे.

तिच्या खुर्चीमागे उभं राहून मयूरीने विचारलं, "समोर दारात आई किती दिसतात?"

"दोन."

मयूरीने तिच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. एक डोळा झाकला की दुसरी आकृती जायलाच हवी.

"दोनच हायत."

उजवा झाकला, तरी दोनच. पोर गंमत करतंय असं वाटून मयूरीने हसत दोन्ही डोळे झाकले.

"आता?"

"आता आई दिसंना. दुसरी दिसती. तुमच्या मागं आली."

मयूरीने दाराकडे पाहिलं. राहीबाईची नजर लेकीवर नव्हतीच, मयूरीच्या खांद्यापलीकडे होती.

"म्याडम," ती पुटपुटली, "तिच्या डोळ्यांवरचं हात काढू नगा. पोरीला दिसती तवर ती कुणाला शिवत न्हाई."