बुवा अभंग विसरतात ते पान

कादंबरीकार सामंतांना मांगाचं, म्हणजे त्या जपानी चित्रकथांचं, भारी वेड. वर्तकनगरच्या त्यांच्या घरात देवघरातल्या पोथीखालीसुद्धा एखादी सापडायची. म्हणून म्हाताऱ्या कीर्तनकारावरच्या आपल्या चारशे पानी कादंबरीची मांगा करायला त्यांनी ठाकुर्लीच्या तरुण चित्रकार ऋतिकाला गाठलं. मनातली इच्छा एकच: दहाव्या पानावर हमखास डुलकी काढणाऱ्या बायकोने, सुनंदाबाईंनी, आपलं एक तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचावं.

"सर, भर कीर्तनात बुवा अभंग विसरतात ना, तिथलं तुमचं बारा पानांचं चिंतन मी काढून टाकतेय," ऋतिका म्हणाली.

"अगं, तोच तर कादंबरीचा कळस! बुवांच्या मनात काय काय येतं..."

"सर, बुवांना स्वतःला काही आठवत नाहीये. तुम्हाला एवढं कसं आठवतं?"

"बरं बाई, निदान एक ओळ तरी ठेव."

"एकही नाही."

पुस्तक छापून आलं. सुनंदाबाईंनी गॅस बंद केला आणि एका बैठकीत ते संपवलं. पदराने डोळे पुसत त्या बाहेर आल्या.

"अहो, तुम्ही इतकं सुंदर लिहिता, हे मला आज कळलं. हे पान तर मी तीनदा वाचलं!"

सामंतांनी घाईघाईने चष्मा लावला. पानावर उघड्या तोंडाचे बुवा होते, हातात थबकलेल्या चिपळ्या होत्या आणि समोर हात जोडून बसलेली माणसं. अक्षर एकही नव्हतं.

"हो," सामंत घसा खाकरून म्हणाले, "त्या पानावर फार मेहनत घेतलीय मी."