आईची खूण

आईला पक्षाघात झाला, वाचा गेली. तेव्हापासून सात महिने मी रोज सकाळी सहाला तिच्या उशाशी बसून बायबल वाचून दाखवायचो. ताप असतानाही चुकवलं नाही. मुलगा असावा तर असा, चर्चमधले लोक म्हणायचे. मलाही पटायचं. वाचताना आई पानावर बोट आपटायची, तेव्हा मी आणखी एक अध्याय खेचायचो. काल तिला सांभाळणाऱ्या बाई तडकल्या. "दादा, एवढं बायबल वाचता, आईचं तोंड वाचता येत नाही? बोट पानावरून डोळ्यांकडे नेतायत, चष्मा मागतायत त्या!" कपाटातून काढून त्यांनीच आईच्या नाकावर चढवला. आईने पुस्तक ओढून घेतलं. एका हाताने पानं मागे उलटत, आजारापूर्वी पेन्सिलीने केलेल्या स्वतःच्या खुणेवर थांबली. सेवा कसली डोंबलाची! मी स्वतःची शिस्त मिरवत होतो. "आई, चुकलो गं." तिने मान न उचलता हातानेच सांगितलं: उजेडातून बाजूला हो.